आईच्या तोंडी घातलेलं वाक्य

द्राक्षाच्या वेलींवर मोरचूद मारलं की पानं निळी पडतात. चुना कालवलेलं ते निळं पाणी पानांवर वाळतं आणि मग खालून जाणाऱ्याच्या अंगावर त्याची भुकटी झरत राहते. बेंगळूरला सर्जापूर रोडवर मामाचा मळा होता, तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं भाऊ दिवसभर त्या मांडवाखाली असायचो. संध्याकाळी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो की आमचे सदरे, कोपरं, कानांच्या पाळ्या सगळं निळसर झालेलं असे. माझ्या भावाच्या भुवयासुद्धा. त्या भुवया उडवत तो म्हणायचा, "तम्मा, बघ, मी कृष्ण झालो." आणि खरंच मामीच्या स्वयंपाकघरात लोणी चोरायला शिरायचा.

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमचं घराणं बेंगळूरला कधी आलं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. कुठल्याशा फौजेबरोबर आलो, एवढंच सांगतात. मराठी घरात टिकली, पण तिला कानडीचा वास लागला. म्हणून मी सगळ्यांचा तम्मा आणि तो माझा अण्णा. नाव धनंजय, आईचा धन्या. अण्णा सैन्यात होता. डोंगरावरच्या लढाईत मारला गेला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मी आता त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा झालोय, केस पिकलेत, आणि अजून त्याचा तम्माच आहे.

या पंधरा ऑगस्टला आईला घेऊन मी पुन्हा त्या रस्त्यानं गेलो.

व्हाइटफील्डला माझ्या ऑफिसात केतकी म्हणून एक मुलगी आहे. पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडं आलेली, सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये राहते. तिथल्या झेंडावंदनाचं सगळं तीच बघते. माझा भाऊ लढाईत गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं, आणि ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, तुमच्या आईंना प्लीज घेऊन या ना. दोनच मिनिटं बोलल्या तरी चालेल. आमच्या सोसायटीतल्या मुलांना काहीतरी रिअल ऐकू दे."

मी टाळत होतो. आईला असल्या कार्यक्रमांना नेऊन किती वर्षं झाली होती, आणि त्याला कारण होतं. पण घरी सहज बोललो तर आई भाजी निवडता निवडता थांबली.

"कुठं म्हणालास? सर्जापूर रोड? दादाच्या मळ्याकडं?"

"मळा कुठला आता, आई. सगळ्या इमारती आहेत."

"असू दे. चल."

ती त्या कार्यक्रमासाठी तयार झालीच नव्हती. ती आपल्या माहेरी निघाली होती.

गाडीत ती खिडकीला नाक लावून बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पण नजर घारीची. बारीक भुरभुर चालू होती, ऑगस्टमध्ये बेंगळूरला असते तशी, छत्री उघडावी की नको असं वाटायला लावणारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेचे मनोरे, गोऱ्या बायकांची चित्रं असलेले फलक, आणि एकाही इमारतीचं नाव जिभेवर बसणार नाही असं.

"इथं डावीकडं विहीर होती," आई म्हणाली.

"अम्मा, तिथं आता तीन मजली पार्किंग आहे," ड्रायव्हर हसत कानडीत म्हणाला. "जमिनीच्या खाली."

"मग विहिरीतच गाड्या लावतात म्हण की," आई म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडं वळली.

मामाची द्राक्षं म्हणजे बेंगळूरची ती काळी द्राक्षं. साल जाड, आत बी, आणि चव अशी की आधी डोळा मिटतो आणि मग हसू येतं. दोन बोटांत दाबलं की गर जिभेवर उडी घेतो आणि साल हातात राहते. पिकायला आली की सगळ्या मळ्याला अत्तराच्या दुकानासारखा वास सुटायचा, त्यात ओल्या तांबड्या मातीचा आणि शेणाचा मिसळलेला. आणि मग पाखरं यायची. त्यांना हाकलायचं काम अण्णाकडं. त्याला मामानं डालड्याचा एक रिकामा डबा आणि काठी दिली होती. अण्णा डबा बडवायचाच, वर गायचासुद्धा. अण्णासारखं बेसूर गाणारा माणूस मी आजवर ऐकलेला नाही. मैना आणि बुलबुल मान वाकडी करून ऐकत बसायच्या. मामा घरातून ओरडायचा, "धन्या, गाऊ नकोस रे! पाखरं जागची हलत नाहीत आणि गाय पान्हा चोरतेय!"

दुपारी केळीच्या पानावर नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, आणि हुळी, म्हणजे आंबट आमटी. अण्णा मुद्दा न चावता गिळायचा आणि मला शिकवायचा, कारण मुद्दा चावणारा तो पाहुणा, असं त्याचं मत होतं. जेवण झालं की कौलारू माजघरात गारव्याला आडवं व्हायचं. तिथं मात्र अण्णाचं सगळं शौर्य संपायचं, कारण कौलांतून पाली फिरायच्या. पाल चुकचुकली की तो उठून बसायचा. न्हाणीघरात जायचं असलं की मला केरसुणी देऊन पुढं पाठवायचा. "तम्मा, स्वल्प आत बघून ये." मी आत जाऊन उगाच भिंतीवर केरसुणी आपटायचो आणि "गेली, गेली" असं ओरडायचो, बऱ्याचदा तिथं पाल नसायचीच.

तो पुढं सैन्यात गेला, रजेवर आला, खांदे रुंद झाले, आवाज बसका झाला, आणि चामराजपेटच्या आमच्या घरी आल्याच्या पहिल्या सकाळी गणवेशाची पँट चढवलेला तो गडी न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून मला हळूच म्हणाला, "तम्मा, आत बघून ये ना."

रजेवर आला की घराचा वास बदलायचा. त्याची लोखंडी पेटी उघडली की बुटाचं पॉलिश, डांबराच्या गोळ्या, रॉकेल आणि ओल्या लोकरीचा वास एकदम खोलीभर पसरायचा. पेटीच्या तळाशी जर्दाळू असायचे, वर्तमानपत्रात बांधलेले. आई त्याला दिवाळीचं म्हणून अवेळीच तेल चोळायची, कडकडीत पाणी ओतायची, आणि तो आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोंबलायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफी दळायचं दुकान होतं. सकाळी तिथं बिया भाजायला लागले की अण्णा गॅलरीत उभा राहून डोळे मिटायचा. "तिकडं वर नाकाला काही काम नसतं, तम्मा. बर्फाला वास नाही."

एकदा गच्चीवर दोरीवरचे कपडे काढताना मी त्याला विचारलं होतं, "अण्णा, तुला तिकडं आवडतं?"

"आवडतं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की." त्यानं एक चिमटा दातांत धरला होता, तो काढून म्हणाला, "भीती वाटते आणि आवडतंही. दोन्ही होतं. तुला कळायचं नाही."

वाळत घातलेल्या नऊवारीच्या पलीकडं आई उभी होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

डोंगरावर लढाई पेटली त्या उन्हाळ्यात ती त्याच गच्चीवर कोहळ्याचे सांडगे घालत होती. पाऊस लवकर येणार असं सगळे म्हणत होते, म्हणून तिची घाई चालली होती. खाली गल्लीत जीप थांबल्याचा आवाज आला, आणि मग गल्लीतले बाकीचे आवाज एकेक करून बंद झाले. क्रिकेट खेळणारी पोरं, सायकलवाला पेपरवाला, समोरचा रेडिओ. जिन्यावर बुटांचा आवाज. गणवेशातले दोघं वर आले, टोप्या काखेत धरलेल्या.

आईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. तिचे हात पिठानं मनगटापर्यंत पांढरे झाले होते.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. "एवढं घालून होऊ दे."

ते थांबले. भर उन्हात, ताठ उभे. आई पातेल्यातलं पीठ बोटांनी उचलून कापडावर सांडगे घालत राहिली, एकाशेजारी एक, जराही घाई न करता. पातेलं रिकामं झालं तेव्हा तिनं ते बोटांनी निपटून घेतलं, बादलीत हात धुतले, पदर सारखा केला आणि उभी राहिली.

"आता सांगा."

ते दोघं थांबले होते तेवढा वेळ आमच्या घरात अण्णा जिवंत होता. तेवढा तिनं त्यांच्याकडून ओढून घेतला, असं मला आजही वाटतं.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. धुतलेली गल्ली. मार्केटातून आणलेल्या शेवंतीच्या टोपल्या, त्यांचा उग्र वास, कापूर, घाम, ट्रकच्या डिझेलचा धूर. झेंड्यात गुंडाळलेली ती लांब पेटी. ज्यांनी अण्णाला कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांच्या आरोळ्या. आणि एक पुढारी, पांढऱ्या कपड्यांतला, माईक घेऊन आईपाशी आलेला.

"अम्मा, एक मुलगा देशाला दिलात. दुसराही द्याल ना?"

आणि आई काही बोलायच्या आत गर्दी ओरडली, "देणार! देणार!" मला कुणीतरी काखेत हात घालून उचललं आणि खांद्यावर बसवलं. एकोणीस वर्षांचा पोरगा मी, खांद्यावर बसायचं वय नव्हतं ते. वरून मला आईचं तोंड स्वच्छ दिसत होतं. तिचे ओठ मिटलेले होते. ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला आणि खाली मोठ्या अक्षरांत तिचं म्हणून ते वाक्य: दुसराही देईन. शेजारच्या काकूंनी येऊन मोठ्यानं वाचून दाखवलं, डोळ्यांना पदर लावून.

"मी कधी बोलले?" आईनं विचारलं.

"अगं, बोललीस असंच समज," काकू म्हणाल्या. "किती शोभतंय बघ तुला."

ते वाक्य मग माझ्या मागं लागलं. न्हाव्याकडं बसलो की तो मानेवर वस्तरा थांबवून विचारायचा, "कधी निघालास, तम्मा?" बेकरीत खारा बन घ्यायला गेलो तर तिथंही तेच. देवळाच्या पायरीवर, बसच्या थांब्यावर. जायचंय का, असं कुणीच विचारत नव्हतं. कधी, एवढंच. ऐकता ऐकता ते मला माझंच वाटायला लागलं. अण्णाचे जुने बूट मला अंगठ्याशी सैल व्हायचे, तरी मी ते घालून पहाटे पळायला जाऊ लागलो.

थंडी सुरू होताना भरती निघाली. घरी न सांगता मी गेलो. मोठं मैदान, धुकं, आणि चड्डीवर उभी शेकडो पोरं. प्रत्येकाच्या छातीवर शाईनं आकडा लिहिलेला. केळ्यांच्या सालींचा, गवताचा, घाबरलेल्या अंगांचा वास. आमची रांग पळायला उभी राहिली, शिट्टी व्हायची होती, आणि एवढ्यात पोरं हसायला लागली. मी वळून पाहिलं. धुक्यातून आई येत होती. घरातलीच साडी, पायात रबरी चपला, सरळ मैदानाच्या मधून.

"माताजी, रुकिए! अंदर आना मना है!" एक हवालदार धावत आला.

आईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रांगेतून तिनं मला बरोबर शोधलं आणि मनगट धरलं. मग त्याच्याकडं वळून आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "एक लिया ना? बस."

पिकल्या मिशांचा एक सुभेदार जवळ आला. त्यानं हवालदाराला हातानं मागं सारलं.

"किसको लिया, माताजी?"

आईनं अण्णाचं नाव सांगितलं. पलटण सांगितली. सुभेदारानं खिशातला रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि माझ्या छातीवरचा आकडा पुसायला लागला. शाई नीट निघेना, नुसती फासली गेली. तरी तो पुसत राहिला.

"घर जा, बेटा," तो म्हणाला.

सगळं मैदान हसत होतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. रिक्षात बसल्याबरोबर मी आईवर ओरडलो, "तूच म्हणालीस ना, दुसराही देईन!"

"मी म्हणाले?" तिनं माझ्याकडं मान वळवली. "तू तिथं होतास, तम्मा. वर बसून माझ्या तोंडाकडंच बघत होतास. माझ्या तोंडून ऐकलंस तू?"

घरी येऊन छाती साबणानं घासली तेव्हा मला पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

गल्लीनं मात्र आईला माफ केलं नाही. बाईनं शब्द फिरवला, असं झालं. शाल आणि नारळ घेऊन येणारी मंडळी यायची बंद झाली. चौकातल्या झेंडावंदनाला पहिल्या रांगेत तिची खुर्ची असायची, ती कुणीतरी उचलली. आई ताठ मानेनं त्याच चौकातून रोज मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणायला जायची. फूलवाली वीतभर जास्त मोजून द्यायची, ती एकटीच. आईनं कुणाला काही समजावलं नाही, कुणापुढं ते वाक्य नाकारलं नाही. तिला विचारलंच नव्हतं कुणी.

केतकीच्या अपार्टमेंटच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा मला हे सगळं आठवायचं एक कारण समोर उभं होतं. हिरवळीवर मांडव, तिरंगी फुगे, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि व्यासपीठामागं भला मोठा फ्लेक्स. त्यावर पेपरातला आईचा तो जुना फोटो. खाली इंग्रजीत एक ओळ.

आईला मराठी आणि कानडी वाचता येतं. ती फ्लेक्ससमोर थांबली. "काय लिहिलंय माझ्याखाली?"

केतकी धावत आली, पांढरा कुडता, केशरी ओढणी. वाकून आईच्या पाया पडली. "आजी, इंटरनेटवर जुन्या पेपरचं कात्रण सापडलं! काय पॉवरफुल लाइन आहे! मला तर गूजबम्प्सच आले."

"तम्मा, वाच," आई म्हणाली.

मी वाचलं. आहे तसं, मराठीत. माझ्याकडं एक मुलगा आणखी आहे, तोही देईन.

आई बराच वेळ त्या फोटोकडं पाहत राहिली. त्यातली बाई तिच्यापेक्षा कितीतरी तरुण होती.

"सरी. बरं," ती एवढंच म्हणाली.

मी तिच्या कानाशी वाकलो. "आई, आपण जाऊ या का घरी? मी सांगतो त्यांना, बरं वाटत नाही म्हणून."

"का?" ती म्हणाली. "माझी तब्येत चांगली आहे. माईक कुठाय?"

झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. लहान मुलांनी नाच केला. मग केतकीनं हिंदीत आणि इंग्रजीत आईची ओळख करून दिली, ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं आणि टाळ्या झाल्या. आई माझ्या हाताला धरून व्यासपीठावर चढली. मी खाली उतरायला निघालो तर तिनं मनगट सोडलं नाही.

"मला धड हिंदी येत नाही," ती केतकीला म्हणाली. "मी मराठीत बोलते. तू सांग ह्यांना. पण मी बोलेन तेच सांग हं."

"हो आजी, अर्थात."

आईनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"हे मागं लिहिलंय ते मी बोललेली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. लोक बोलले. पेपरवाल्यानं ते माझ्या तोंडात घातलं. इतकी वर्षं ते तिथंच आहे. आज मला ते काढायचंय."

केतकीचा चेहरा उतरला. ती माझ्याकडं बघायला लागली. खाली लोक वाट बघत होते. "सर, मी... हे कसं..."

"सांग की," आई म्हणाली. "मी बोलले तेच सांग. एकदा दुसरं सांगून झालंय."

केतकीनं ओढणी मुठीत धरली आणि सांगितलं. हिंदीत, अडखळत, पण सगळं सांगितलं. खुर्च्या करकरल्या.

"हा माझा धाकटा," आईनं माझं मनगट वर केलं. "ह्याला मी दिला नाही. भरतीच्या मैदानातून ओढून आणला. लोक हसले. गल्लीनं माझं नाव टाकलं. उद्या पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा ओढून आणीन."

केतकीनं तेही सांगितलं. या वेळी ती अडखळली नाही.

तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले, चांगल्या घरचे, कोटावर तिरंगा लावलेले. "आंटीजी, माफ कीजिए, पर आज के दिन देश के बारे में ऐसी बात ठीक नहीं लगती।"

केतकी भाषांतर करायला लागली, पण आईला समजलं होतं.

"का नाही?" ती म्हणाली. "देश माझा आहे म्हणून तर बोलतेय. परक्यांसमोर कोण खरं बोलतं? तिथं आपण गोडगोड बोलतो आणि चहा पिऊन परत येतो."

गृहस्थ उभेच राहिले. आईनं त्यांना थोडा वेळ दिला, मग मुलांच्या रांगेकडं वळली.

"माझा थोरला धन्या. तुम्हाला त्याच्याबद्दल ऐकायचंय ना? तो शूर होता. होताच. आणि पालीला घाबरायचा. गाणं म्हणायचा तर आमच्या दादाची गाय दूध देत नसे. इथंच, ह्या जमिनीवर, द्राक्षं चोरून खायचा आणि तोंड निळं झालेलं असताना मला सांगायचा, मी नाही खाल्ली. बारावीत दोनदा नापास झाला. तो पुतळा नव्हता, माझा पोरगा होता."

मुलं हसली. पालीचं केतकीनं सांगितल्यावर तर एक मुलगी मोठ्यानं खिदळली आणि तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. आईनं हातानं खूण केली, हसू दे. अण्णा गेल्यानंतर चारचौघांत त्याच्या नावावर कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

टाळ्या झाल्या नाहीत. काही लोक उठून गेले, काही मोबाईलमध्ये बघत बसले. मी आईला खाली उतरवलं. केतकी व्यासपीठामागं गेली. तिनं स्वतः खुर्चीवर चढून फ्लेक्सच्या वरच्या दोऱ्या सोडल्या, आणि तो ओला, जड फ्लेक्स आख्खा तिच्या अंगावरच कोसळला. बाहेर येऊन ती आईसमोर उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे भरलेले.

"आजी, सॉरी. मी विचारायला हवं होतं."

"हो," आई म्हणाली. "विचारायला हवं होतंस." मग तिच्या गालाला हात लावला. "पण सगळं सांगितलंस. अर्धं नाही गिळलंस."

मांडवाच्या कडेला खारा बात आणि केसरी बातच्या, म्हणजे उपमा-शिऱ्याच्या, थाळ्या मांडल्या होत्या. आम्ही रांगेत उभे राहिलो. आमच्याभोवती जरा मोकळी जागा होती, लोक मुद्दाम लांब उभे असावेत इतकी. आई मात्र केसरी बातात काजू किती आहेत ते वाकून बघत होती.

तेवढ्यात एक बाई रांग सोडून आमच्याकडं आली. माझ्याच वयाची, साधी सुती साडी, कानडी बोलणारी. याच अपार्टमेंटमध्ये राहते, शाळेत शिकवते म्हणाली. बोलताना ती सारखी मागं वळून बघत होती.

"अम्मा, माझा मुलगा पुढच्या आठवड्यात जातोय. सैन्याच्या ट्रेनिंगला. इथं सगळे माझं अभिनंदन करतायत. मला रात्रंदिवस काही सुचत नाही. तुम्ही धाकट्याला ओढून आणलंत. मीही थांबवू का त्याला?"

आईनं थाळी माझ्या हातात दिली.

"त्याला जायचंय?" तिनं कानडीत विचारलं.

"हो. लहानपणापासून."

"कुणी पाठवत नाही ना? लोक म्हणतात म्हणून, शेजारी म्हणतात म्हणून?"

"नाही. त्याचा तोच निघालाय. मी रडले तर माझ्यावर चिडतो."

"मग जाऊ दे," आई म्हणाली. "हा माझा धाकटा जात नव्हता, लोक ह्याला ढकलत होते. ते मला दिसलं, म्हणून धरून आणला. धन्या जात होता. भीती वाटते तरी आवडतं म्हणाला, मी ऐकलंय. त्याला मी धरलं नाही. धरून ठेवणं हातात नव्हतं."

बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं ते पुसलं नाही. तिनं बाईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"पण एक लक्षात ठेव. ही माणसं तुझ्याकडं येतील, तुझं कौतुक करतील, म्हणतील, तू मुलगा दिलास. तेव्हा गप्प बसू नकोस. मी गप्प बसले तर त्यांनी माझं तोंड वापरलं. सांग त्यांना. मी दिला नाही, तो गेला. पोरगं काय आपल्या हातातलं नाणं असतं, द्यायला?"

बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "नानु कोडलिल्ला. अवने होदा." मी दिला नाही. तो गेला.

"ऐकू आलं नाही," आई म्हणाली. "जोरात म्हण."

बाईनं एकदा मागं पाहिलं, त्या कोटवाल्या गृहस्थांकडं, थाळ्या घेतलेल्या शेजाऱ्यांकडं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, मान वर केली आणि ते वाक्य पुन्हा म्हणाली, इतक्या मोठ्यानं की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली.